उजव्या कोपऱ्याची खाच

गल्ली नं. ४, धुळे
२७ सप्टेंबर १९८७

ती. शालिग्रामभाऊस,

मंदाचा नमस्कार. वाकून केलेला नाही, मशीनवर बसूनच केलेला आहे, तेवढा चालवून घे.

गेल्या अक्षय्य तृतीयेला, ऐन आखाजीच्या सणाला, तुझ्या घरी भरल्या ताटावरून उठून आले, तेव्हा मी होऊन तुला पत्र लिहिणार नाही असं म्हणाले होते. पाच महिने पाळलं. आता काम पडलं म्हणून लिहिते आहे. मंदा नरमली असं प्रमिलावहिनींना सांगत बसू नकोस.

काम असं आहे. कोकिळा अंध असल्यामुळे तिला दहावीला गणिताऐवजी सवलतीचा दुसरा विषय द्यावा, असा तुझ्या सहीचा कागद इथल्या शाळेत लावलेला आहे. तो मागे घ्यायचा आहे. त्याला वडिलांचाच अर्ज लागतो, आत्याचा चालत नाही. मी हेडमास्तरांशी भांडून पाहिलं. अर्ज तिच्या गणिताच्या नजीर सरांनी लिहून दिलाय, तो सोबत आहे. तू खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. पंधरा ऑक्टोबर शेवटची तारीख. ती गेली की तुझ्यासारख्या गणिताच्या मास्तराची मुलगी कायमची बिनगणिताची.

आणखी एक. जुलैमध्ये तुझ्याकडून फळ्यावरचा लाकडी कंपास आणि कोनमापक मागवला होता. शिवणक्लासच्या मुलींना घेरदार झगा बेतायला हवा, असं तुमच्या पाचोऱ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे सांगून पाठवलं होतं. तू चिठ्ठी पाठवली नाहीस, पण वस्तू पाठवल्यास. ते झग्याचं खोटं होतं. झगा बेतायला मला दोरी आणि खडू पुरतो. कोकिळा माझ्याकडे आली त्या आठवीपासून नजीर सरांच्या तासाला नुसती ऐकत बसायची. जूनपासून ती खरी भूमिती शिकते आहे, आणि तिच्या हाताला लागतील अशा आकृत्या मी करते.

कृती सांगते, म्हणजे बहिणीला खूळ लागलं असं वाटायला नको. खाली सायकलची जुनी ट्यूब चिरून पसरायची, वर ड्रॉइंगचा जाड कागद ठेवायचा. त्यावर पुस्तकातली आकृती मोठी करून पेन्सिलीनं काढायची. मग ज्या काट्याच्या चाकानं मी कापडावर टिपेच्या खुणा उतरवते, ते चाक रेषेवरून दाबून फिरवायचं. कागद पालटला की मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठलेली असते. कोपऱ्यांची अ, ब, क ही अक्षरं कोकिळा छोट्या चिठ्ठ्यांवर ब्रेलमध्ये टोचून देते. त्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं आपलं अक्षरही लिहून, पुस्तकात बघून, मी त्या जागच्या जागी खळीनं चिकटवते. एक्केचाळीस आकृत्या झाल्या. नमुना म्हणून एक काटकोन त्रिकोण पाठवते आहे, बघ.

कोकिळाचं छान चाललं आहे. अभ्यासाची काळजी नाही.

तुझी,
मंदा


धुळे
६ ऑक्टोबर १९८७

भाऊ,

काल दुपारी तुझं पाकीट आलं. पाच महिन्यांनी भावाचं पाकीट म्हणून क्लासच्या मुलींना कामाला लावून, हात धुऊन, आतल्या खोलीत जाऊन उघडलं. आत मीच पाठवलेला त्रिकोण. त्यावर तुझ्या लाल शाईत लिहिलेलं, "काटकोन ब पाशी हवा, इथे क पाशी आहे. आकृती उलटी उठली आहे. सगळ्या अशाच केल्यास का?" खाली वही तपासल्यासारखी सही आणि तारीख. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, पोरगी कशी आहे हे नाही.

माझं डोकं फिरलं. तुला कडक उत्तर लिहायला घेतलं, त्यासाठी पुस्तक काढलं आणि त्रिकोण शेजारी ठेवला. काटकोन पुस्तकात डावीकडे, माझ्या कागदावर उजवीकडे. दुसरी आकृती काढली, तिसरी काढली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. भाऊ, त्या क्षणी माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! दारातल्या मुली बघत राहिल्या, मास्तरीणबाई डोळे पुसतायत आणि हसतायत.

चूक निघाली आणि ही बाई खूश कशी, असं तुला वाटेल. मग मागच्या पत्रातलं दुसरं खोटंही सांगून टाकते. कोकिळाचं छान चाललेलं नव्हतं. सप्टेंबरच्या चाचणीत भूमितीत तिला वीसपैकी दोन मिळाले. घरी येऊन दप्तर ठेवलं आणि तुझं नाव घेऊन म्हणाली, "आत्या, सवलत घी लेऊ. नाना म्हनतस तेच खरं शे." मी तिच्यावर ओरडले, आणि त्याच रविवारी तुला 'छान चाललं आहे' असं लिहिलं. अर्ज पाठवला खरा, पण आतून मीच खचले होते. वाटायला लागलं होतं की माझ्या हट्टापायी पोरीचं वर्ष जाणार.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. ऑगस्टमध्ये हाच त्रिकोण हातात घेऊन कोकिळा म्हणाली होती, "आत्या, आठे काटकोन क जोडे लागस." मी भाकरी थापत होते. म्हणाले, क जवळ कसा असेल? पुस्तकात ब आहे, पुस्तक चुकेल का? नीट लाव बोटं. दोन दिवसांनी दुसऱ्या आकृतीत तेच म्हणाली, मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा मी चिडले. चौथ्यांदा ती बोललीच नाही. तेव्हापासून हाताला जे लागायचं ते एक आणि पुस्तकातलं एक, असा सगळा गोंधळ डोक्यात घेऊन ती बसत होती आणि आपली बोटंच अडाणी आहेत असं धरून चालली होती.

चूक कशी झाली तेही ऐक. तीस वर्षं मी कापडाची उलट-सुलट बघत आले, पण आमचं कापड नेहमी दुहेरी घडीचं. एक बाही कापली की दुसऱ्या हाताची आपोआप निघते. डावी कुठली, उजवी कुठली, हा विचार कापताना करावाच लागत नाही. कागदाला घडी नव्हती. एकच त्रिकोण, तो मी पालटला, आणि अक्षरं मात्र पुस्तकात बघून डावीकडे ब, उजवीकडे क अशी डकवली. कोणा दुसरीनं केलं असतं तर मी तिला आठवडाभर हसले असते.

संध्याकाळी आकृत्यांचा गठ्ठा घेऊन नजीर सरांकडे गेले. त्यांनी चाचणीचा पेपर काढला, त्या आकृत्या शेजारी ठेवल्या आणि एकेक उत्तर पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मंदाबाई, हिच्या हातात जो त्रिकोण होता, त्याचं उत्तर हिनं बरोबर दिलंय. आपण तपासला तो दुसराच त्रिकोण." आठ प्रश्नांत फक्त एक खरा चुकलेला. गुण बदलता येणार नाहीत म्हणाले. मी म्हटलं, गुण ठेवा तुमच्याकडेच.

कोकिळाला सांगितलं तेव्हा तिनं हात पुढे केला. त्रिकोण मागून घेतला. त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "म्हंजे मना बोटे बराबर व्हतात?" मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मग म्हणाली, "ब्रेल तर आम्ही रोजच उलटं टोचतो आत्या, उजवीकडून डावीकडे. मला वाटलं तुम्ही शिवणवाल्या, तुम्हाला उलटसुलट माझ्याहून जास्त कळत असेल." असा टोला हाणून पोटभर जेवली. महिन्याभरात प्रथमच भात पुन्हा मागितला.

भाऊ, आखाजीला पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "तिले काय भूमिती दिसनार शे?" आतल्या दारात कोकिळा उभी होती, तिनं ऐकलं, म्हणून मी ताटावरून उठले. तुला नाही नाही ते बोलले. आणि इथे येऊन मी काय केलं? तू एकदा म्हणालास, मी तीनदा म्हणाले. फक्त माझ्या तोंडी शब्द वेगळे होते. तेव्हा त्या दिवशीच्या माझ्या बोलण्यातलं निम्मं मी परत घेते. निम्मं राहू दे, ते तुझ्या हक्काचं आहे.

पाकिटात अर्ज मात्र नव्हता. चारदा झटकून पाहिलं. आज सहा तारीख आहे. आकृतीवर लाल शाई चालवायला सवड झाली, तर अर्जावर निळी का नाही झाली?

मंदा


धुळे
१६ ऑक्टोबर १९८७

भाऊ,

काल दिवसभर मी पोस्टमनची वाट बघत दारात उभी. पाच वाजले तेव्हा सगळं संपलं असं समजून आत आले आणि कोकिळाला काय सांगायचं ते जुळवत बसले. साडेपाचला नजीर सर सायकलवरून आले. दारातूनच म्हणाले, "काम झालं."

तू स्वतः येऊन गेलास! पाचोऱ्याहून धुळ्याला, शाळेची रजा टाकून, अर्ज घेऊन. आणि माझं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर असताना चहालाही आला नाहीस. राग करावा की तुझ्या नावानं साखर वाटावी ते कळेना. शेवटी साखरच वाटली, क्लासच्या मुलींना चिमूट चिमूट.

नजीर सरांनी सगळं सांगितलं. अर्ज हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून तू म्हणालास, त्या आकृत्या बघू द्या. दोन तास शिक्षकांच्या खोलीत बसलास. आधी डोळ्यांनी तपासल्यास, मग डोळे मिटून बोटांनी. कुठली कुठली तुलाही लागली नाही. नजीर सरांनी विचारलं, मुलीला बोलावू का? तू म्हणालास, "नको, तिचा तास बुडेल." मास्तर तो मास्तरच.

तू गुपचूप आलास असं तुला वाटत असेल. कोकिळा घरी आल्या आल्या म्हणाली, "नाना उनथात ना शाळामा?" मी म्हटलं, नाना आले होते हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणे, इतिहासाच्या तासाला वर्गाबाहेर कोणीतरी खाकरलं, असं नानाच खाकरतात. मग म्हणाली, बराच वेळ उभे होते. तास संपेपर्यंत पावलं वाजली नाहीत.

अर्ज दिला हे सांगितलं तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. चांगलं झालं, बांगडी जुनीच होती.

दिवाळीला मी येणार नाही, तू बोलावलेलं नाहीस. कोकिळाला मात्र पाठवते. तिच्याशी खाकरण्यापलीकडे काही बोल.

मंदा


धुळे
१७ जानेवारी १९८८

ती. भाऊस,

या वेळचा नमस्कार उभं राहून.

कोकिळा तुझ्याकडे दिवाळी करून आली तेव्हापासून दर शुक्रवारी पाचोऱ्याच्या गाडीनं तू केलेल्या आकृत्यांची गुंडाळी येते, तेव्हा कंडक्टरसुद्धा विचारतो, मास्तरांची आज कुठली आकृती? चाक तू मेन रोडवरून विकत आणलंस की वहिनींच्या शिवणाच्या डब्यातून पळवलंस ते वहिनींनी मला कळवलं आहे. परत कर, त्यांचं पोलकं अडलंय.

तुझ्या आकृत्या सरळ उठतात, हे मान्य. आधी उलटी काढून मग चाक फिरवायचं हे तुला पहिल्याच दिवशी सुचलं. पण नाताळात आलेली वर्तुळाची आकृती घेऊन कोकिळा अर्धा तास बसली आणि तिनं तुझ्यासाठी चिठ्ठी टोचली. जशीच्या तशी उतरवून देते: "नाना, एका कागदावर एकच गोष्ट सांगा. तुम्ही दोन वर्तुळं, तीन जीवा आणि स्पर्शिका एकाच जागी घातली आहेत. डोळ्यांना चालत असेल. बोटाला आधी सगळी वाट चालावी लागते, मग घर सापडतं. रेषांमध्ये निदान एक बोट मावेल एवढी जागा सोडा. गुण दहापैकी चार."

चार वाचून मला हसू आवरेना. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवलीस, आता भोग. पण पुढच्या शुक्रवारी तू वर्तुळाला जाड सुतळी आणि जीवेला बारीक दोरा चिकटवून पाठवलास, तो तिला फार आवडला. लगेच ओळखलं. त्याला दहापैकी नऊ. एक गुण कशाचा कापला विचारलं, तर म्हणते, मास्तर लोकांना पुरे गुण दिले की ते बिघडतात.

ब्रेलची अक्षरं तू शिकायला घेतलीस, हे चिठ्ठ्यांवरून कळतंच. परवा 'ड'च्या जागी भलतंच काही टोचलं होतंस, ती दिवसभर हसत होती. तरी टोचत राहा. तुझ्या हातची अक्षरं असलेला कागद ती आधी घेते, हे मी बघते.

एक नियम मी घातला आहे, तो तूही पाळ. बाहीचा पुढचा भाग कुठला हे चुकू नये म्हणून आम्ही कापडाच्या कडेला कात्रीनं बारीक खाच मारतो. तशी प्रत्येक आकृतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला खाच मारायची. बोटानं खाच उजवीकडे वर सापडली की कागद सरळ. हे मला जूनमध्ये सुचलं असतं तर पोरीचे ते सगळे महिने वाचले असते. आता हळहळून उपयोग नाही, पण खाच मात्र विसरायची नाही.

सराव परीक्षेत भूमितीत निम्म्याहून जास्त गुण आले. ते सगळे सरळ बाजूनं मिळालेले.

तुझी,
मंदा


धुळे
१९ मार्च १९८८

ती. भाऊस,

भूमितीचा पेपर झाला. चांगला गेला. हे पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे तुला पत्र उलटून शेवट बघायला नको.

आता सविस्तर. कोकिळाला लिहून देणारी मुलगी म्हणून शाळेनं नववीतली जरीना दिली होती. आमच्याच गल्लीतली, अक्षर मोत्यासारखं, आणि तिला दहावीची भूमिती येत नाही म्हणूनच ती चालते. दोघींना वेगळी खोली दिली होती. मी बाहेर कडुनिंबाखाली, हातात बटणं लावायचं काम घेऊन. तीन तासांत चार बटणं लावली, त्यातली दोन घरी येऊन उसवावी लागली.

आत काय झालं ते जरीनानं सांगितलं. कोकिळा तोंडानं सांगायची आणि जरीना लिहायची, इथपर्यंत ठीक. आकृती आली की कोकिळा बोटानं बाकावर काढून दाखवायची, म्हणजे जरीनानं ती बघून कागदावर उतरवायची. पहिल्या दोन प्रश्नांना आकृती नव्हती. तिसऱ्याला होती. कोकिळानं बाकावर बोटानं त्रिकोण काढला, जरीना पेन्सिल टेकवणार तेवढ्यात कोकिळा थांबली. म्हणाली, "जरीना, तुझा आवाज समोरून येतोय. तू माझ्या समोर बसली आहेस का?" जरीना म्हणाली, "हो दीदी." कोकिळा म्हणाली, "मग तुला माझा त्रिकोण उलटा दिसत असेल. ऊठ, माझ्या बाजूला येऊन बस."

सुपरवायझर बाई उठून आल्या, जागा का बदलता म्हणून. कोकिळानं त्यांना शांतपणे समजावलं. बाईंनी स्वतः समोर उभं राहून बघितलं, मग बाजूला येऊन बघितलं, आणि जरीनाचं स्टूल आपल्या हातानं उचलून इकडे ठेवलं.

भाऊ, जरीना हे सांगत होती तेव्हा मला माझ्या एक्केचाळीस आकृत्या आठवल्या. चूक माझी, मनस्ताप पोरीनं भोगला, आणि ऐन पेपरात तीच चूक ओळखून ती वाचली. सहा महिने हे माझ्या मनाला टोचत होतं. आज टोचणं थांबलं. कोकिळाला तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "आत्या, आते झोप. मी पन झोपस." भरदुपारी दोघी ढाराढूर झोपलो, दार वाजवून क्लासच्या मुली परत गेल्या.

एक प्रमेय अर्धं राहिलं असं ती म्हणते. राहू दे.

मंदा


धुळे
६ एप्रिल १९८८

ती. भाऊस,

पेपर संपले. कोकिळाला पाचोऱ्याला कधी पाठवू ते कळव. आखाजी तोंडावर आली. गल्लीतल्या बायकांना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ मुऱ्हाळी होऊन यायला लागले आहेत. कमलबाईचा भाऊ तर काल बैलगाडी घेऊन आला, सगळी गल्ली बघायला गोळा झाली.

मला कोणी विचारलं तर मी सांगते, आमचा भाऊ पेपर तपासण्यात गुंतलेला आहे. हे वर्षभरातलं माझं तिसरं खोटं. खरं करायचं की नाही, ते तू बघ.

मंदा


धुळे
१७ जून १९८८

ती. भाऊस,

मंदाचा वाकून नमस्कार. आखाजीला तू दारात स्वतः उभा राहिलास आणि म्हणालास, "चाल बहीन, आखाजी शे, कव्हय निंघनं?" तेव्हाच वाकणार होते, पण हातात कात्री होती.

निकाल लागला. तार करणार होते, पण तारेत मावणार नाही म्हणून पत्र. कोकिळा पास झाली. भूमितीत पंच्याहत्तरपैकी अठ्ठावन्न. बीजगणितात थोडे कमी आहेत, ते नजीर सरांवर ढकलून मोकळी झाले. नजीर सर हसले आणि स्वतःच पेढे घेऊन आले. तुझे मॅट्रिकला भूमितीत किती होते ते मी वहिनींकडून काढून घेतलेलं आहे, कोकिळाला अजून सांगितलेलं नाही. माझ्याशी नीट वाग.

गुणपत्रिका आणली तेव्हा तिनं ती हातात घेतली. तिला वाचता येत नाही, तरी चारही कडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आत्या, गणिताची ओळ कुठे?" मी तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं. तिथं ती बराच वेळ बोट ठेवून बसली. मग मला म्हणाली, रडू नकोस, कागद ओला होईल.

आकृत्यांचं काय करायचं विचारलं होतंस. वरणगावहून भिकुबाई म्हणून एक बाई आल्या होत्या, मालक तिथल्या फॅक्टरीत आहेत. त्यांची मुलगी अंध, यंदा आठवीत जाणार. नजीर सरांनी पाठवलं. तुझ्या आणि माझ्या मिळून शहाण्णव सरळ आकृत्या कोकिळानं त्यांना दिल्या. जुन्या उलट्या एक्केचाळीसांतली एक तिनं ठेवून घेतली, लाल शाईची. का, ते मी विचारलं नाही. भिकुबाईंना निघताना तिनं एवढंच बजावलं, "मुलगी म्हणाली की पुस्तकात चुकलंय, तर आधी कागद बघा."

आखाजीला तुझ्या अंगणात झोका बांधला होता. बायका गाणी म्हणत होत्या आणि तू ओसरीवर कोकिळाजवळ जाऊन बसलास. मी झोक्यावर होते, पण कान तिकडेच होते. तू म्हणालास, "मनं चुकनं, बेटा." तिनं नुसती मान गाण्यांकडे वळवली. तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, तिला वेळ दे, ती तपासून मग गुण देणारी पोर आहे.

काल निकाल आल्यावर तिनं ब्रेलची पाटी काढली आणि दुपारभर टोचत बसली. ते तुला आहे. सोबत जोडलं आहे. तुला वाचून सांगायला मला मनाई आहे, तुझं तुलाच वाचायचं आहे. ठिपके मोजत बसलास तरी चालेल, ती घाईत नाही. मीही वाचलेलं नाही. म्हणजे, घडी घालताना पहिल्या ओळीवरून माझं बोट गेलं, आणि एव्हाना मलाही थोडं कळायला लागलंय, त्याला मी काय करू? तेवढी एक ओळ वाचली. तिथं लिहिलं आहे, "नाना, माले भूमिती दिसनी."

पुढचं तुझं तू वाच. वरच्या उजव्या कोपऱ्याला मी खाच मारली आहे.

तुझी बहीण,
मंदा